स्वतंत्रपूरची प्रार्थना

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत आहे. नाव ऐकून वाटतं, स्वातंत्र्यसैनिकांनी वसवलेलं एखादं गाव असेल. पण ही वसाहत कैद्यांची. तिला तुरुंगाची उंच भिंत नाही. शिक्षा झालेली माणसं इथं शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात. या वसाहतीतून जन्मलेली एक प्रार्थना तुम्हाला नक्की पाठ आहे. शाळेच्या पटांगणात रांगेत उभं राहून, डोळे मिटून (अर्धे उघडे ठेवून म्हणा हवं तर) तुम्ही ती म्हटली आहे. 'ऐ मालिक तेरे बंदे हम'. तिचा आपल्या या दुष्काळी माळाशी काही संबंध आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

तो संबंध सांगायचा तर औंध संस्थानापाशी जावं लागतं. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी सांगली जिल्ह्यात. तेव्हा दोन्ही पंतप्रतिनिधींच्या राज्यात होती. राज्य म्हणजे केवढं, तर ७२ गावं, आणि तीही एकमेकांना लागून नाहीत, इकडेतिकडे विखुरलेली. राजे बाळासाहेब, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी, हा एक वेगळाच माणूस होता. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि साऱ्या संस्थानाला घालायला लावायचे. औंधच्या टेकडीवरचं संग्रहालय त्यांचंच. या राजानं जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं नवी राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. राजपुत्र अप्पासाहेब पंत या कामात पुढे होते. त्यांच्या सोबतीला होता मॉरिस फ्रीडमन, पोलंडमधला ज्यू इंजिनिअर. बंगळूरच्या विजेच्या कारखान्यातलं मोठं पद सोडून तो इथं आला. गांधीजींच्या वर्तुळात तो 'भारतानंद' म्हणून ओळखला जाई. कैद्यांना कोंडण्याऐवजी त्यांच्यावर विश्वास टाकून पाहू, ही त्याची कल्पना. राजानं ती उचलली आणि १९३९ मध्येच आटपाडीच्या माळावर स्वतंत्रपूर उभं राहिलं.

माळ म्हणजे कसा, हे आटपाडी-माणदेशातल्या माणसाला सांगायला नको. कुसळं, दगड आणि आभाळ. पळून जायचं तर चारही दिशा मोकळ्या. माणसाला धरून ठेवायला त्यानं दिलेल्या शब्दाखेरीज दुसरं काही नव्हतं.

याच संस्थानात, आटपाडी भागातल्या शेटफळ्याला ग. दि. माडगूळकर जन्मले आणि औंधच्या शाळेत शिकले. पुढे त्यांनी स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांच्यासाठी 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट लिहिला. तो १९५७ साली आला. सहा खुनी कैद्यांना एक तरुण जेलर माळावर घेऊन जातो आणि त्यांच्याकडून शेत पिकवून घेतो, अशी ती गोष्ट. सहा कैद्यांचे बारा हात, आणि जेलरचे दोन डोळे. जेलर स्वतः शांतारामबापूच झाले होते. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. आज चित्रपट पाहिलेली माणसं कमी होत चालली आहेत. प्रार्थना मात्र ज्यांनी चित्रपटाचं नावही ऐकलेलं नाही, ती मुलं म्हणतात.

शब्द भरत व्यासांचे, राजस्थानातून आलेल्या हिंदी कवीचे. आवाज लता मंगेशकरांचा आणि सोबत कोरस. लताबाईंचं बालपण सांगलीत गेलं, मास्टर दीनानाथांचा संसार तेव्हा इथंच होता. त्यामुळे सांगलीकरांना या गाण्यावर आणखी एक हक्क सांगता येतो. आणि चाल वसंत देसाईंची. मला आज बोलायचं आहे ते मुख्यतः या चालीबद्दल. रेडिओवर बोलताना अशा वेळी गाणं वाजवून दाखवता येतं. कागदावर ती सोय नाही. तेव्हा वाचकांनी मनातल्या मनात गुणगुणत पुढं यावं.

वसंत देसाई १९१२ साली कोकणात कुडाळकडच्या सोनवडे गावी जन्मले. दशावताराच्या मुलखातला हा मुलगा कोल्हापूरला 'प्रभात' कंपनीत आला आणि पडेल ते काम करत संगीत शिकला. 'शकुंतला', 'डॉ. कोटनीस', 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे' ही सगळी त्यांची कामं. 'झनक झनक' करणाऱ्या माणसाला अवघड गाणं बांधता येत नव्हतं, असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी इथं मुद्दाम सोपं केलं, आणि ते कसं केलं हे पाहण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे लय. चाल दादऱ्याच्या अंगानं जाते, तीन-तीन मात्रांचा झोका. दादरा म्हटला की ठुमकणं आलं. इथं तोच दादरा इतका संथ केला आहे की तो पाळण्यासारखा किंवा दमलेल्या माणसाच्या श्वासासारखा लागतो. दिवसभर कुदळ मारून आलेल्या माणसाला म्हणता येईल इतकीच त्याची गती. दुसरी गोष्ट म्हणजे ओळी आखूड आहेत. प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यायला जागा आहे. शंभर-दोनशे मुलं एकत्र म्हणतात तेव्हा जागा सापडते म्हणून ती एकत्र राहतात. लांब ओळ असली की अर्धी मुलं पुढं पळतात आणि अर्धी मागं राहतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. तिसरी गोष्ट, कडव्याची शेवटची ओळ मुखड्याच्या यमकावर येऊन पडते आणि आपोआप मुखड्यात परतते. आपल्या अभंगाला ध्रुपद जसं हाक मारून परत बोलावतं, तसं. गायकाला काही आठवावं लागत नाही, चालच हात धरून घरी आणते. आणि चौथी गोष्ट, यात तान नाही, अडवून धरणारी हरकत नाही. लताबाईंच्या गळ्यातून ती प्रार्थना जितकी पूर्ण वाटते, तितकीच बेसूर मुलांच्या घोळक्यातूनही वाटते. मोठ्या आवाजासाठी लिहिलेली बहुतेक गाणी लहान आवाजात फाटतात. हे गाणं फाटत नाही.

समूहानं देवापुढं गाण्याची आपल्या भागाची सवय मात्र फार जुनी, हे विसरून चालणार नाही. सज्जनगडाच्या छायेत 'मनाचे श्लोक' पिढ्यान्‌पिढ्या एका ठेक्यात म्हटले गेले. वारकऱ्यांची दिंडी जाते तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचाही सूर पुढच्या विणेकऱ्याच्या सुरात मिसळतो. मोहरमला आमच्याकडं करबलची गाणी म्हणतात, आणि ती म्हणणाऱ्यांत मुसलमानांहून मराठा-धनगर पोरंच जास्त असतात. कडेगावचे उंच ताबूत उठतात तेव्हाची गर्दी पाहिली तर कोण कुणाचं, हे ओळखू येत नाही.

यातलं एक उदाहरण साताऱ्याचं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. ख्रिस्ती झालेला हा मराठी कवी आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात राहायला आला आणि १९१७ साली त्यानं तिथं 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यापूर्वीच्या मराठी ख्रिस्ती देवळांतून मिशनऱ्यांनी आणलेली गीतं इंग्रजी चालींवर म्हटली जात. शब्द मराठी, पण उच्चार विलायती सुरांवर ताणलेला. इंग्रजी पद्धतीत चार प्रकारचे आवाज एकाच वेळी चार वेगवेगळे सूर गातात आणि त्यांच्या मेळातून गाणं उभं राहतं. ती मोठी विद्या आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण तिला तालीम लागते, कागद लागतो, वाचता येणारा गायक लागतो. टिळकांनी त्याऐवजी अभंग-ओवी हाती धरली. सगळ्यांनी एकच सूर गायचा, टाळ वाजवायचा, निरक्षर माणसानं दुसऱ्या खेपेला सामील व्हायचं. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांची भजनं मराठी देवळांत राहिली.

दुसरा धागा मिरजेचा. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले, तिथली रोजची प्रार्थना त्यांनी सुरात बसवली आणि 'आश्रम भजनावली' तयार केली. म्हणजे मैफिलीच्या गायकीत तयार झालेला माणूस सूतकताईला बसलेल्यांना गाणं शिकवत होता. 'दो आँखें'मधल्या प्रार्थनेमागं आश्रमाची ही हवा आहे, असं मला वाटतं. औंधचा सगळा प्रयोगच त्या हवेतला होता.

आता शब्दांकडं येतो, कारण मी कवी आहे आणि शब्दांवाचून मला राहवणार नाही.

विट्याजवळच्या एका खेड्यात माझं बालपण गेलं. वडील शिलाईकाम करत. शाळेत दोन पट्ट्या अडकलेली एक बाजाची पेटी होती. त्या पट्ट्या टाळून गुरुजी वाजवायचे, त्यामुळं आमच्या शाळेची प्रत्येक चाल मूळ चालीपेक्षा थोडी वेगळीच होती. आठवड्यातल्या सहा दिवसांना वेगवेगळ्या प्रार्थना. त्यातल्या काहींच्या काही ओळींना मी तोंड मिटून उभा राहायचो. घरात कुणी तसं बजावलं नव्हतं, शाळेतही कुणी कधी हटकलं नाही. गुरुजींना दिसत असणार, पण ते पेटीकडं बघायचे. 'ऐ मालिक'चा वार आला की मात्र माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. कारण त्यातला प्रत्येक शब्द माझ्या घरातला होता. मालिक, बंदा, नेकी, बदी, जुल्म. अम्मा दिवसातून दहा वेळा म्हणायची, मालिक का करम है. कुराणाच्या पहिल्याच सूरेत अल्लाहला न्यायाच्या दिवसाचा मालिक म्हटलं आहे. शेजारी उभ्या असलेल्या, रामोशाच्या पोराला 'मालिक' म्हणजे शेतावर कामाला बोलावणारा मालक वाटायचा. त्याचा देव त्याला तसा दिसत असेल, तर त्यात नवल नव्हतं.

'करम' या एका शब्दावर तर मला कित्येक वर्षं चकवा बसला होता. गाण्यात तो शब्द आमच्या कर्मांबद्दल आहे. संस्कृत 'कर्म'चं ते बोलीतलं रूप. पण अम्माचा 'करम' अरबीतला, त्याचा अर्थ कृपा. मी लहानपणी ती ओळ देवाच्या कृपेबद्दल आहे असं समजून म्हणत होतो, आणि अर्थ लागतही होता. बी.ए.ला मराठी घेतलं, भाषेची व्युत्पत्ती शिकलो, तेव्हा कळलं की एकाच ध्वनीत दोन भाषा दडून बसल्या आहेत. भरत व्यासांनी हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. हिंदुस्तानी बोली आपल्या आपण अशा गमती करते. पण एका पटांगणात एकच शब्द कुणी कर्म म्हणून आणि कुणी कृपा म्हणून म्हणतो, आणि सूर बिघडत नाही, ही मोठी गोष्ट आहे.

या प्रार्थनेत कुठल्याच देवाचं नाव नाही म्हणून ती सगळ्यांची झाली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. नाव काढून टाकलेल्या प्रार्थना पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच सरकारी परिपत्रकासारख्या कोरड्या आहेत. इथं जोर आहे तो 'बंदा' या शब्दावर. बंदा म्हणजे सेवक, बांधलेला माणूस. आणि चित्रपटात ती म्हणणारे खरोखरच बंदिवान आहेत! खून करून आलेली माणसं. बदीपासून दूर राहू दे, हे मागणं शाळेतल्या पोराच्या तोंडी पाठांतर असतं. त्या सहांच्या तोंडी ते रोज संध्याकाळी पळून न जाण्याचं बळ आहे. माणूस दुबळा आहे, त्याच्यात लाख उणिवा आहेत, हे कडवं त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटचं कडवं तर फार अवघड. जुल्म समोर उभा राहिला तर तू आम्हाला सावर. त्यांनी वाईट करावं, आम्ही चांगलं करावं, मनात सूडाची भावना उरू नये, असा त्याचा आशय. शाळांमधून बहुधा एखादं कडवं म्हणून मुलांना बसवतात. वेळ नसतो, हे खरं. पण वगळलं जातं ते बहुतेक हेच शेवटचं कडवं, आणि सगळ्यांत जड मागणं तिथंच आहे.

वसंत देसाईंना प्रार्थनेची चाल बांधण्याचा हात साधला होता, हे योगायोगानं घडलेलं नाही. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या. तिथं शेवटी त्यांनी 'मैत्रीम् भजत' हे संस्कृत गीत म्हटलं. मैत्री करा, युद्ध सोडा, असं जगाला सांगणारं. शब्द कांचीच्या शंकराचार्यांचे, चंद्रशेखरेंद्र सरस्वतींचे. चाल या कोकणी माणसाची. मग १९७१ साली 'गुड्डी' आला. त्यातली 'हमको मन की शक्ति देना' ही गुलजारांची प्रार्थना शाळेतल्या मुलींच्या रांगेतच सुरू होते. वाणी जयराम आणि कोरस यांनी ती म्हटली आहे. ती केदार रागावर बांधली आहे. केदार हा तसा वाकडा राग. त्याच्या मध्यमांची ये-जा सांभाळताना शिकलेल्या गवयाचीही परीक्षा होते. देसाईंनी त्यातला सरळ चालणारा रस्ता तेवढा उचलला आणि मुलांच्या हाती दिला. मुलांना आपण केदार म्हणतोय हे ठाऊक नसतं, त्याची गरजही नाही. कैद्यांची एक, शंकराचार्यांची एक, शाळकरी मुलींची एक. देशभरच्या शाळांमधून रोज म्हटल्या जाणाऱ्या दोन प्रार्थना एकाच संगीतकाराच्या, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

अलीकडच्या काळात प्रार्थनेवरूनही भांडणं होतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात पिलीभीत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत मुलं इक्बालची 'बच्चे की दुआ' म्हणतात, अशी तक्रार झाली आणि मुख्याध्यापकांना निलंबित केलं गेलं. १९०२ सालची ही कविता. दुबळ्यांच्या आणि गरिबांच्या उपयोगी पडावं, एवढंच तिच्यातलं मूल मागतं. त्याच वर्षी जानेवारीत केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेला आक्षेप घेणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या पीठाकडं पाठवली. म्हणजे आक्षेप दोन्ही बाजूंनी आहेत. घटनेचं २८ वं कलम सांगतं की, सरकारी पैशानं चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. पण धर्मशिक्षण कुठं संपतं आणि प्रार्थना कुठं सुरू होते, ही रेष आखणं कायदेपंडितांनाही सोपं गेलेलं नाही. मला इथं आठवतो तो १९८६ चा निकाल. केरळमधली तीन भावंडं आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळं राष्ट्रगीत म्हणत नसत, पण राष्ट्रगीत चालू असताना अदबीनं उभी राहत. शाळेनं काढलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. गाण्याच्या रांगेत गप्प उभं राहणाऱ्यालाही जागा आहे, असं त्या निकालानं म्हटलं. पेटीकडं बघत राहणाऱ्या आमच्या गुरुजींना तो निकाल वाचायची गरज पडली नसती.

मराठीत या वळणाची नवी प्रार्थना २०१७ साली आली. 'उबुंटू' चित्रपटातली 'हीच अमुची प्रार्थना'. शब्द समीर सामंतांचे, चाल कौशल इनामदारांची. ती आता पुष्कळ शाळांत म्हटली जाते. तिची चाल ऐकताना देसाईंचा धडा कुणीतरी गिरवला आहे, असं मला वाटतं: आखूड ओळ, श्वासाला जागा, परत यायला सोपा मुखडा.

वसंत देसाई २२ डिसेंबर १९७५ ला मुंबईत लिफ्टच्या अपघातात गेले. माडगूळकर त्यानंतर दोन वर्षांनी, फ्रीडमन त्या दोन वर्षांच्या मधे. शाळांमध्ये फळ्यावर प्रार्थना लिहितात तेव्हा तिच्याखाली कधीकधी कवीचं नाव असतं. संगीतकाराचं नाव लिहिलेलं मी अजून कुठं पाहिलेलं नाही. आटपाडीच्या बाजूला गेलात तर स्वतंत्रपूरची शेतं रस्त्यावरून दिसतात. कुंपणाचा बंदोबस्त असतो तो मुख्यतः गुरांसाठी.